मूत्राशयाचे दुखणे आणि कमी प्रतिकारशक्तीचे मूल



मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत एका ताईंनी मला बाजूला घेतले. "तुमच्या मुलालाही इम्युनिटीचा काहीतरी त्रास आहे ना? आमच्या मुलीला दोन महिने झाले, शू करताना दुखतं. तीनदा अँटिबायोटिक झालं. थांबतं आणि परत सुरू होतं. आता काय विचारायचं डॉक्टरांना, तेच कळत नाही." आम्ही दोघे ताटे हातात धरून अर्धा तास बोलत उभे राहिलो आणि मोदक गार होऊन गेले. संपादकांनी ते पाहिले असावे, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला: "जे त्यांना सांगितलंत ते या सदरासाठी लिहून द्या."

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कॉम्प्युटर इंजिनियर आहे. पण आमच्या मुलाच्या आजारामुळे गेली काही वर्षे या विषयाचे वाचन आणि डॉक्टरांशी बोलणे भरपूर झाले. या लेखाचा उपयोग उपचार ठरवण्यासाठी करू नये. डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारण्यासाठी करावा.

आमची गोष्ट

आमचा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत त्याला वारंवार कान फुटणे आणि दोनदा न्यूमोनिया झाला. २०१८ साली निदान झाले: एक्स-लिंक्ड अ‍ॅगॅमाग्लोब्युलिनेमिया. हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. शरीरात बी पेशी तयार होत नाहीत, त्यामुळे जंतूंशी लढणारी अँटिबॉडी ही प्रथिने बनत नाहीत. ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी १९५२ साली आठ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन जवळजवळ नाहीच हे दाखवून या आजाराचे पहिले वर्णन केले आणि त्या मुलाला बाहेरून गॅमा ग्लोब्युलिन दिले. आजही उपचाराचे तत्त्व तेच आहे. दर रविवारी सकाळी आम्ही घरीच मुलाच्या पोटाच्या कातडीखाली छोट्या पंपाने इम्युनोग्लोब्युलिन देतो. तो तेवढा वेळ कार्टून पाहतो आणि आम्ही चहा घेतो. या औषधावर त्याची तब्येत छान आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये तो सात वर्षांचा होता. एक दिवस शाळेतून आल्यावर म्हणाला, "बाबा, इथं खाली दुखतंय." बोट बेंबीच्या बरेच खाली, ओटीपोटावर. दिवसातून दहा-बारा वेळा शू, तीही थोडी थोडी आणि शेवटी झोंबणारी. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उन्हाळी लागली आहे त्याला, धण्याचं पाणी द्या." आम्ही मात्र घाबरलो. प्रतिकारशक्ती कमी म्हणजे जंतूच, हे आमच्या डोक्यात पक्के होते. घराजवळच्या एका अर्जंट केअरमध्ये गेलो. पट्टीची तपासणी झाली, थोड्या पांढऱ्या पेशी दिसल्या, आजाराचे नाव सांगताच लगेच अँटिबायोटिक मिळाले. कल्चरसाठी नमुना पाठवला नव्हता. आम्हीही विचारले नाही.

चार दिवस बरे वाटले. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. दुसरे अँटिबायोटिक. डिसेंबरात पुन्हा तेच. तेव्हा मुलाच्या इम्युनॉलॉजिस्ट बाईंनी मला विचारले, "जंतू कोणता सापडला?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग आपण दोन महिने कशावर उपचार करतो आहोत?"

आमच्या धंद्यात एक सवय असते. प्रोग्रॅम बंद पडला की काल काय बदलले ते आधी पाहायचे, किंवा जो भाग नेहमीच त्रास देतो तिथे आधी बोट दाखवायचे. बहुतेक वेळा ते बरोबर निघते. पण कधी दोष भलत्याच ठिकाणी असतो आणि आपण तीन दिवस चुकीच्या ओळी वाचत बसतो. आमचे तसेच झाले होते.

कुठली प्रतिकारशक्ती कमी आहे?

हा पहिला प्रश्न. "इम्युनिटी कमी" हा एक आजार नव्हे. अशा आजारांची संख्या आज काहीशेंच्या घरात आहे. संरक्षणाची कुठली फळी रिकामी आहे, त्यावर संशयितांची यादी बदलते.

अँटिबॉडी नसलेली मुले (आमच्या मुलासारखी): यांना मुख्य त्रास कान, सायनस आणि फुप्फुसे यांचा होतो. मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो आणि तो झाला तर बहुधा इतर मुलांना होतो तोच, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या ई-कोलाय या जंतूचा. पण या मुलांच्या बाबतीत एक वेगळे नाव लक्षात ठेवावे: युरियाप्लाझ्मा आणि त्याचा भाऊबंद मायकोप्लाझ्मा. या जंतूंना पेशीभित्तिकाच नसते. अमॉक्सिसिलिन, सेफालेक्सिन यांसारखी नेहमीची औषधे पेशीभित्तिकेवरच घाव घालतात, म्हणून ती इथे निरुपयोगी ठरतात. शिवाय हे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये उगवत नाहीत. त्यासाठी पीसीआर किंवा खास कल्चर सांगावे लागते. मात्र तो सापडला म्हणजे तोच गुन्हेगार असेही नाही, कारण निरोगी माणसांतही तो कधी कधी निवांत राहत असतो.

टी पेशी कमी असलेली किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेली मुले: इथे विषाणूंचा विचार आधी होतो. बीके नावाचा विषाणू १९७१ साली एका रुग्णात सापडला आणि त्याच्या आद्याक्षरांवरून त्याला नाव मिळाले. बहुतेक माणसांना तो लहानपणीच होऊन जातो आणि मूत्रपिंड व मूत्रमार्गात मुकाट्याने पडून राहतो. टी पेशींचा पहारा उठला की तो जागा होतो, मूत्राशयाचे आतले अस्तर सोलवटते, लघवीत रक्त आणि गुठळ्या येतात आणि कळा असह्य होतात. अ‍ॅडेनोव्हायरसही असेच करतो. त्यांचा शोध लघवीच्या आणि रक्ताच्या पीसीआरने लागतो. याच मुलांना कधी सायक्लोफॉस्फमाइड हे औषध दिलेले असते. त्यापासून शरीरात अ‍ॅक्रोलिन हा पदार्थ तयार होतो आणि तो मूत्राशयाला भाजून काढतो. म्हणूनच मोठ्या डोसबरोबर भरपूर सलाइन आणि मेस्ना हे संरक्षक औषध देतात. इथे जंतू नसतानाही रक्त आणि वेदना असू शकतात.

जंतू गिळणाऱ्या पेशी नीट काम न करणारी मुले: यातला मुख्य आजार क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. या मुलांच्या शरीरात जंतू नसतानाही सुजेच्या गाठी तयार होतात. त्या मूत्राशयाच्या भिंतीत झाल्या तर भिंत जाड होते, शू अडते, दुखते. कल्चर स्वच्छ येते आणि अँटिबायोटिकने फरक पडत नाही. सोनोग्राफीने किंवा आत दुर्बीण घालून ते कळते. अशा वेळी सूज उतरवणारी स्टेरॉइडसारखी औषधे विचारात घेतात, पण आधी जंतू नाहीत याची खात्री करूनच.

याशिवाय, खूप दिवस अँटिबायोटिक चालू असेल किंवा कॅथेटर असेल तर कँडिडा ही बुरशी लघवीत वाढू शकते. आणि भारतात जाऊन राहिलेल्या किंवा तिकडून आलेल्या पाहुण्यांच्या निकट सहवासातल्या मुलाच्या लघवीत पांढऱ्या पेशी सतत दिसत असतील, पण कल्चरमध्ये काहीच उगवत नसेल, तर मूत्रमार्गाच्या क्षयाचा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. मुलांत तो क्वचितच होतो. पण प्रवासाची माहिती आपण दिल्याशिवाय इथल्या डॉक्टरांना तो सुचणार कसा?

आणि नेहमीची कारणे विसरू नका

प्रतिकारशक्ती कमी असलेले मूल हे आधी एक मूल असते. इतर मुलांना जे होते ते त्यालाही होते. शाळेत पाणी न पिणे आणि त्यामुळे घट्ट, झोंबणारी लघवी. खेळात रमून शू दाबून ठेवणे. बबल बाथचा साबण. मुलींमध्ये बाहेरच्या नाजूक त्वचेची आग किंवा जंत. मुलग्यांमध्ये शिश्नाच्या टोकाच्या कातडीची सूज. मूतखडा. लघवी उलटी मूत्रपिंडाकडे जाण्याचा जन्मजात दोष. आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण म्हणजे बद्धकोष्ठ.

गुदाशय मूत्राशयाच्या अगदी मागे असतो. तो कडक मळाने भरला की मूत्राशयाला पुढे दाबतो. मग थोडी लघवी साठली तरी घाई होते, मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही, आणि उरलेल्या लघवीत जंतूंना आयती जागा मिळते. मूल रोज शीला जाते म्हणून बद्धकोष्ठ नाही असे समजू नये. रोज थोडी होऊनही मागे साठा राहू शकतो.

हिशेबाची आवड असणाऱ्यांसाठी एक ठोकताळा: मुलाच्या वयात २ मिळवा, तितके औंस म्हणजे त्याच्या मूत्राशयाची अंदाजे क्षमता. सात वर्षांच्या मुलाची ९ औंस, सुमारे २७० मिलिलिटर. आम्ही दोन दिवस मोजपात्रात शू मोजली. दर वेळी ५०-६० मिलिलिटर भरत होती.

आणखी एक अवघड गोष्ट. अशा दुखण्यात डॉक्टर मुलाला एकांतात विचारतात की कुणी नको तिथे हात लावला का. त्याचा राग मानू नये. ते त्यांचे काम आहे आणि मुलाच्या भल्याचे आहे.

तपासणीत कुठे फसगत होते?

हा भाग कापून फ्रिजवर लावला तरी चालेल.

पहिली गोष्ट, अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी कल्चरचा नमुना घ्यावा. नंतर घेतलेला नमुना खोटा दिलासा देतो. मूल तापाने आजारी असेल तर कल्चरचा निकाल येईपर्यंत थांबायचे नाही. त्याला एक ते दोन दिवस लागतात. नमुना घ्यायचा आणि औषध लगेच सुरू करायचे. फक्त क्रम चुकवायचा नाही.

दुसरी, नमुना स्वच्छ हवा. आधी पुसून घ्यायचे, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धार बाटलीत धरायची. लहान बाळाला चिकटवलेल्या पिशवीतल्या लघवीत त्वचेवरचे जंतू येतात, म्हणून तिच्या कल्चरवर विसंबत नाहीत. बारीक कॅथेटरने घेतात.

तिसरी, पट्टीवर सगळा भरवसा ठेवू नये. तिच्यावरची नायट्राइटची खूण उमटायला जंतूंना मूत्राशयात काही तास मिळावे लागतात. दर वीस मिनिटांनी शू करणाऱ्या मुलात ती खूण उमटत नाही आणि काही जंतू ती कधीच उमटवत नाहीत. मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच फार कमी असतील, तर संसर्ग असूनही लघवीत त्या दिसणार नाहीत.

चौथी, इम्युनोग्लोब्युलिन घेणाऱ्या मुलाची रक्तातली अँटिबॉडी तपासणी बहुतेक निरर्थक असते. जे दिसते ते हजारो रक्तदात्यांच्या अँटिबॉडींचे मिश्रण. आमच्या मुलाच्या रक्तात एकदा त्याला कधीच न झालेल्या रोगाची "साक्ष" सापडली होती. अशा मुलात प्रत्यक्ष जंतूच शोधावा लागतो, कल्चरने किंवा पीसीआरने.

पाचवी, आणि ही आपल्या घरांसाठी. भारतातून येताना बॅगेत आणलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या या मुलांसाठी उघडू नयेत. जळजळ थांबवणारी, लघवी केशरी करणारी गोळी इथे दुकानात सहज मिळते. तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. तिच्या रंगाने पट्टीची तपासणी चुकते.

थांबायचे नाही अशी लक्षणे

१००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, लघवीत रक्त किंवा गुठळ्या, सात-आठ तास शू न होणे, पाठीत बरगड्यांखाली दुखणे, उलट्या, मूल मलूल किंवा गुंगीत असणे: यांपैकी काहीही दिसले तर रात्री दोन वाजले असले तरी फोन करावा. मुलग्याच्या ओटीपोटात अचानक जोराची कळ आली तर त्याचे वृषण दुखते का, सुजले आहे का हे पाहावे. पीळ पडला असेल तर तासांचा प्रश्न असतो. उजवीकडे सरकत जाणारे दुखणे अपेंडिक्सचेही असू शकते. ते मूत्राशयाला टेकलेले असले तर शू करतानाही दुखते.

आमच्या मुलाला काय झाले होते?

इम्युनॉलॉजिस्ट बाईंनी सर्व औषधे थांबवून नीट नमुना घेतला. कल्चर स्वच्छ. युरियाप्लाझ्माचा पीसीआर निगेटिव्ह. सोनोग्राफीत मूत्रपिंडे उत्तम, मूत्राशयाची भिंत नेहमीसारखी. पण शू केल्यावरही बरीच लघवी शिल्लक होती आणि मागे गुदाशय फुगून मळाने भरलेला होता. युरॉलॉजीच्या नर्सने मुलाला विचारले, "शाळेत बाथरूमला किती वेळा जातोस?"

तो म्हणाला, "कधीच नाही."

"का रे?" मी विचारले.

"तूच म्हणालास ना बाबा, तिथे जंतू असतात. कुठे हात लावू नकोस म्हणालास."

बालवाडीपासून रोज सकाळी डबा देताना आम्ही दोघे त्याला हे बजावत होतो. त्याने ते मनावर घेतले होते. शाळेत जायला लागू नये म्हणून तो पाणी पीत नव्हता आणि सात तास सगळे दाबून ठेवत होता. ज्या भीतीने आम्ही त्याला जपत होतो, त्या भीतीनेच तो आजारी पडला होता. घरी येताना गाडीत मी आणि बायको एक शब्द बोललो नाही.

उपचार अगदी साधे होते, पण चिकाटीचे. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर, तीही दोन आठवडे नव्हे तर कित्येक महिने. जेवणानंतर दहा मिनिटे शीला बसायचे, पायाखाली स्टूल. दर दोन-तीन तासांनी शू, घाई लागो वा न लागो. पाण्याची बाटली शाळेत रिकामी करून आणायची. सासूबाईंचे धण्याचे पाणीही चालू राहिले. निदान पाणी तर पोटात गेले! मार्च २०२३ पर्यंत दुखणे पूर्ण थांबले.

म्हणून "दुखतंय म्हणजे बद्धकोष्ठच" अशी नवी समजूत आम्ही करून घेतली नाही. मे २०२४ मध्ये पुन्हा झोंबू लागले आणि ताप १०१.२ होता. या वेळी आधी नमुना, मग औषध. कल्चरमध्ये ई-कोलाय निघाला, कोणते औषध लागू पडेल तेही कळले आणि मुलगा ठरलेल्या दिवसांत बरा झाला.

थोडे पैशांचे आणि शाळेचे

इम्युनोग्लोब्युलिन फार महागडे असल्याने अशा कुटुंबांची वार्षिक खर्चमर्यादा, म्हणजे आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम, बहुधा लवकर भरते. ती भरल्यावर नेटवर्कमधल्या, विम्यात बसणाऱ्या तपासण्यांसाठी त्या वर्षात वेगळे पैसे पडत नाहीत. सोनोग्राफी सांगितली असेल आणि ती तातडीची नसेल, तर योजनेचे वर्ष संपण्याआधीची तारीख घ्यावी. मात्र लॅब नेटवर्कमध्ये आहे का आणि आधी मंजुरी लागते का, हे फोन करून विचारावे आणि बोलणाऱ्याचे नाव व तारीख लिहून ठेवावी. तापात, रक्त पडताना हा हिशेब करायचा नाही.

शाळेसाठी १९७३ च्या कायद्यातल्या कलम ५०४ खाली लेखी योजना करून मागता येते. तिचे पैसे पडत नाहीत. आमच्या मुलाच्या योजनेत हवे तेव्हा बाथरूमला जाण्याची परवानगी, जवळ पाण्याची बाटली आणि नर्सच्या खोलीतले बाथरूम वापरण्याची सोय आहे.

आता तो नर्सच्या खोलीत जातच नाही. मित्रांबरोबर सर्वांच्या बाथरूममध्ये जातो आणि साबणाने हात धुऊन येतो. सकाळी डबा देताना आम्ही एवढेच म्हणतो, "पाणी पी, आणि लागली की जा."

गणेशोत्सवातल्या त्या ताईंना मी तीन प्रश्न लिहून दिले होते. मुलीच्या संरक्षणाची नेमकी कुठली फळी कमी आहे? औषधाआधी घेतलेल्या कल्चरमध्ये काय निघाले? आणि ती शाळेत शू-शीला जाते का? पहिले दोन डॉक्टरांना विचारायचे. तिसरा मुलीला, जवळ बसवून, न रागावता.

कुणाला असा अनुभव असल्यास किंवा नुसते बोलायचे असल्यास संपादकांमार्फत जरूर कळवावे. फोनवर बोलायला मला आनंदच वाटेल.